हळदीकुंकू लागलेला करार

आमच्या घराण्यात नटीचं काम पहिल्यांदा कुणी केलं असेल तर माझ्या थोरल्या नणंदेनं, आणि तेही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. द्वारकाबाई त्यांचं नाव. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचे यजमान गेल्यावर त्या माहेरी आल्या आणि आमच्या मागच्या खोलीत राहू लागल्या. निमगाव केतकीच्या शिवारात आमची पेरूची बाग आहे. झाडावरच्या पेरूला पिशव्या घालायच्या कामात वन्संचा हात धरणारी बाई आमच्याकडे नाही.

मी रोज वहीत लिहिते. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण गेलं, एवढंच. पण गेल्या श्रावणापासूनची पानं पुन्हा वाचली की मला काहीच उमगत नाही. एका पानावर एक माणूस बरोबर वाटतो, दुसऱ्या पानावर दुसरा. म्हणून वन्संची हकीकत एकदा सलग लिहून बघते. लिहिल्यावर तरी समजतं का बघू.

चार वर्षांपूर्वी पळसदेवला धरणाच्या पाण्याच्या कडेला एका मालिकेचं शूटिंग होतं. मयताचा प्रसंग. पंचवीस बायका हव्या होत्या, म्हणून ट्रॉलीत बसवून नेल्या. वन्सं होत्या, शेजारची सारजा होती, आणि मीही होते. खरं सांगायचं तर पाणी उतरलं होतं, एरवी बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, त्याचं दर्शन होईल म्हणून मी गेले होते.

तिथं एक जण हातात भोंगा घेऊन ओरडला, "सगळ्यांनी रडा." बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वन्सं तेवढ्या उठून त्याच्याकडे गेल्या.

"मेलाय कोन? माझा कोन लागतो?"

"काहीही लागू दे हो मावशी, रडा म्हणजे झालं."

"तसं कसं? दिराला रडायचं निराळं आन् जावयाला निराळं. पुतन्या असंल तर छाती बडवावी लागतीया. नवऱ्याचा थोरला भाऊ असंल तर पदर घेऊन लांबनं रडायचं. आदी नातं सांगा."

दिग्दर्शक खुर्चीवरून उठून आले. ते म्हणाले, धाकटा भाऊ आहे, असं समजा. वन्सं खाली बसल्या आणि अशा रडल्या की सारजा खरोखरची घाबरली, तिनं माझा हात घट्ट धरला. तो देखावा संपल्यावर वन्संनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "चहा कुठं मिळतो?"

दोन महिन्यांनी त्याच माणसांनी त्यांना मालिकेतल्या घरातली थोरली आत्या केलं. भवानीनगरच्या बाजूला उसाच्या रानात एक बंगला भाड्यानं घेऊन त्यांनी शूटिंगचा तळ टाकला होता. सकाळी सहाला स्टँडवर गाडी यायची. सारजालाही शेजारणीचं काम मिळालं. पंधरा दिवसांतून एकदा यायचं, कुंपणावरून दोन वाक्यं बोलायची आणि जायचं. वन्संचं मात्र आठवड्यात चार-पाच दिवस काम असायचं. त्या मालिकेत आत्या सुनेला फार छळते. एकदा बाजारात कोथिंबीरवालीनं वन्संना जुडी द्यायला नकार दिला. म्हणाली, "त्या पोरीला उपाशी ठिवता, तुमाला न्हाय द्यायची." वन्संना त्याचा इतका आनंद झाला की घरी येऊन तीनदा सांगितलं.

मला हे सगळं आवडायचं नाही असं नाही. पण एकादशीला त्यांना शूटिंगमध्ये मटणाच्या ताटापुढं बसावं लागलं तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "अगं, ते सोयाबीनचं हुतं." मग बोलायला लागले.

आता कार्डाचं सांगते, कारण सगळा घोळ त्याच्यापासूनच आहे.

दुसऱ्या वर्षी तळावरच्या विहिरीच्या पायरीवर वन्सं घसरल्या आणि मनगट मोडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, गावातल्या माणसांची आमच्याकडं नोंद नसते, घरच्यांना बोलवा. त्या दिवशी तिथं नीळकंठराव नावाचे नट आले होते. बारामतीचे. मालिकेत ते नेहमी फौजदाराचं काम करतात. त्यांनी फौजदाराच्या वेशातच वन्संना आपल्या गाडीत घातलं, बारामतीला दवाखान्यात नेलं आणि तिथून कंपनीला फोन लावत बसले. संध्याकाळपर्यंत कंपनीचा माणूस दवाखान्यात हजर झाला होता, फळं घेऊन.

पुढच्या आठवड्यात नीळकंठराव आमच्या घरी आले. त्यांना फाटकात बघून समोरचे गेणबा घरात जाऊन सदरा घालून आले. टीव्हीवरचा फौजदार आहे हे कळल्यावर पुन्हा काढून ठेवला.

नीळकंठरावांनी पिशवीतून कलावंत संघाचा फॉर्म काढला. पडद्यावर काम करणाऱ्यांची ही संघटना, पुण्यात कचेरी, आणि ते त्यांचे आमच्या भागातले प्रतिनिधी. सभासद व्हा, कार्ड घ्या, म्हणाले.

मी विचारलं, "कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला साखर मिळते. तुमच्या संघात काय मिळतं?"

ते हसले. "वहिनी, आमच्याकडं साखर न्हाय. तुमच्या वतीनं विचारणारा एक मानूस मिळतो."

"आणि तो विचारून काय करतो?"

"पुन्यांदा विचारतो."

मला हे काही फार भारी वाटलं नाही. वन्संना वाटलं. प्लास्टर नसलेल्या हातानं, म्हणजे डाव्या हातानं, त्यांनी वाकडीतिकडी सही केली. सारजा तेव्हा आमच्याकडेच बसली होती. ती म्हणाली, "मी बी घेऊ का?" नीळकंठराव म्हणाले, घ्या की. पण मीच म्हणाले, "तुला गं कशाला? पंधरा दिवसांतून एकदा जातेस." सारजा म्हणाली, तेबी खरं हाय. आणि विषय तिथंच संपला. हे मी वहीत लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं.

गेल्या श्रावणात बातमी आली की मालिका जुन्या कंपनीनं सोडली. मालिका तीच, वाहिनी तीच, बंगला तोच, पण करणारी कंपनी नवी. हे कसं असतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. देऊळ तेच ठेवून पुजारी बदलावा तसं काहीतरी. नव्या कंपनीचा व्यवस्थापक विराज नावाचा तिशीतला मुलगा. तो आमच्या घरी आला, चपला बाहेर काढल्या, देवघरापुढं वाकला आणि मलाही वाकून नमस्कार केला.

"काकू, नव्यानं सुरुवात करतोय. पौर्णिमेला सेटवर सत्यनारायण घालायचा आहे. सगळे म्हणतात, पूजेचं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. कराल का तयारी?"

मला सांगताना लाज वाटते, पण मी हुरळून गेले. आदल्या दिवशी मी स्वतः केळीचे खांब बांधून घेतले. सव्वा पायलीचा शिरा गायीच्या तुपात केला. भटजींना सांगून ठेवलं की पोथी घाईत उरकायची नाही.

पूजा मांडली तेव्हा विराजनं एक गठ्ठा आणला. "काकू, हे नवे करार आहेत. शुभकार्य आहे, देवापुढं ठेवाल?" मी ते कलशाच्या उजव्या बाजूला चौरंगावर ठेवले. आमच्याकडे दिवाळीला वह्या-तराजू पुजतात, सातबाऱ्यावर सुद्धा फूल वाहतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला मी हळद लावली, कुंकू लावलं.

आरती झाली. प्रसादाच्या रांगेत विराजनं एकेकाला शिऱ्याच्या द्रोणासोबत कागद दिला आणि पेन दिलं. लोक सही करत होते, द्रोण घेत होते. वन्संची पाळी आली. त्यांनी द्रोण घेतला आणि कागद तसाच धरून ठेवला.

"चष्मा न्हाय आनला," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन वाचते."

चष्मा त्यांच्या पिशवीत होता. मला माहीत होतं.

विराज म्हणाला, "चालेल की आत्या, सावकाश." पण मागं रांग थांबली होती. सगळे बघत होते. मलाच अवघडल्यासारखं झालं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "वन्सं, पूजेतला कागद आहे. त्याला नाही म्हणू नये. प्रसाद नाकारल्यावर काय होतं ते आत्ताच ऐकलंत ना कथेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग द्रोण माझ्या हातात दिला आणि सही केली. त्यांच्या मागं सारजा होती. तिला मी वेगळं सांगितलंच नाही, नुसतं पेन पुढं केलं. तिनं केली.

त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे : पूजा निर्विघ्न पार पडली. शिरा पुरला.

पुढं तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका गुरुवारी वन्सं सहाच्या गाडीनं गेल्या आणि साडेअकराच्या एस.टी.नं परत आल्या. पायरीवर बसून राहिल्या. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"काय झालं?"

"पुन्याहून एक बाई आल्यात. इंदिराबाई म्हनून. चांगल्या हायती, मला नमस्कार केला." मग म्हणाल्या, "माझं लुगडं त्यांच्या अंगावर हुतं. हिरवं इरकल. मला म्हनले तुमी लग्नाच्या घोळक्यात बसा. संजीवनी, मला वाटलं मीच मेले आन् मीच बघायला आले."

त्या रडल्या नाहीत. नातं कोणतं ते कळत नव्हतं म्हणून असेल.

मी विराजला फोन लावला. त्याचा आवाज तसाच गोड. "काकू, गैरसमज नको. करारात स्पष्ट आहे. प्रत्येकाची नेमणूक त्या दिवसापासून नवी धरली आहे, आणि कुणाला कुठलं काम द्यायचं ते कंपनी ठरवणार. आत्यांनी सही केली आहे. आम्ही त्यांना काढलेलं नाही. जमावात काम आहे की, रोज या म्हणावं."

फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, मुलगा खोटं तर बोलत नाही. काढलेलं नाही, हे खरं. सही केली, हेही खरं. मग वन्संचं काम गेलं कसं?

संध्याकाळी नीळकंठराव आले. वन्संनी कराराची प्रत पुढं केली. त्यांनी कोपऱ्यावरच्या हळदीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "ताई, सही करायच्या आदी एक फोन करायचा हुता."

"फोन कसा करनार? हातात शिरा हुता," वन्सं म्हणाल्या.

"बरं. झालं ते झालं. आता ऐका. वाहिनीचा आन् आपल्या संघाचा लेखी ठराव हाय. चालू मालिकेत कंपनी बदलली तर सभासदाची भूमिका तशीच पुढं चालू ऱ्हाते. आन् सभासदाच्या नव्या करारावर संघाचा शिक्का नसंल तर तो धरायचा न्हाय."

मी म्हणाले, "पण सही तर त्यांचीच आहे."

"व्हय."

"मग ठराव मोठा का सही मोठी?"

आमचे हे शेजारी सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "अगं, कारखान्याचं संचालक मंडळ बदललं म्हणून आपला सभासद नंबर बदलतो का? ऊस न्यायचाच असतो."

"पण आपण उद्या दुसऱ्या कारखान्याला ऊस देतो असं लिहून दिलं तर?"

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मंग घोळ हाय," म्हणाले.

नीळकंठरावांनी समजावलं की विराजही हेच म्हणणार. करारातलं नववं कलम असं आहे : माझ्या कामाबद्दल मी कुठल्याही संघटनेमार्फत बोलणार नाही. ते वन्संनी राजीखुशीनं मान्य केलं, आणि तेही देवासमोर, असं तो सांगणार. बारामतीला बैठक लावू, वाहिनीचं माणूस बोलावू. पण ती सही कशी झाली ते तिथं कुणीतरी सांगावं लागेल.

"मी सांगते की," वन्सं म्हणाल्या.

"तुमी सांगा. पन कागद पूजेत ठेवनाऱ्यानं सांगितलं तर वजन पडंल."

म्हणजे मी.

त्यानंतरचे आठ दिवस मी माळ घेऊन बसायचे आणि मणी कुठवर आले ते विसरायचे. सत्यनारायणाच्या पूजेबद्दल चार परक्यांसमोर तक्रार करायची? माझ्या हातची पूजा, मीच तिला नावं ठेवायची? आणि गप्प बसले तर वन्संचं काम गेलं. मी भटजींना विचारायला गेले. ते ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"काका, पूजेत ठेवलेल्या कागदावर सही केली तर ती मोडता येते का?"

"मला काय विचारता वहिनी? मी पोथी वाचली. करार वाचला नाही."

"पण देवापुढं होता ना."

"देवापुढं खोबऱ्याची वाटी पण होती. खवट निघाली तर खाता का?"

मी घरी आले. उत्तर मिळालं की नाही, हे मला रस्ताभर कळलं नाही.

बैठक बारामतीत एका हॉटेलच्या वरच्या खोलीत झाली. वाहिनीकडून इरा नावाच्या बाई आल्या होत्या, केस कापलेल्या, बोलायला शांत. एका बाजूला विराज, दुसऱ्या बाजूला नीळकंठराव. सही केलेल्यांत वन्संना धरून तीन जण संघाचे सभासद निघाले. ते तिघं होते. आणि सारजा होती. तिलाही कुंपणावरचं काम मिळेनासं झालं होतं, म्हणून ती आमच्याबरोबर आली होती. सभासद नव्हती, पण कुणी तिला बाहेर बसायला सांगितलं नाही.

विराजनं आपलं सांगितलं. नवी कंपनी, नवी मांडणी, सगळ्यांना सारखा नियम. नीळकंठरावांनी ठराव पुढं ठेवला. इराबाईंनी दोन्ही वाचलं आणि मला विचारलं, "कागद कुठं ठेवले होते?"

"चौरंगावर. कलशाच्या उजव्या बाजूला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"विराजच्या."

"तुम्ही वाचले होते?"

"नाही. हळद लावली."

विराज मध्येच म्हणाला, अगदी नरमाईनं, "काकू, तुम्हीच सांगा. आत्या सावकाश वाचते म्हणाल्या तेव्हा मी चालेल म्हणालो होतो ना? मी जबरदस्ती केली का?"

"तू नाही केलीस," मी म्हणाले. "मी केली."

मला वाटलं आता थांबावं, पण तोंड थांबेना. "त्यांना वाचायचं होतं. मी देवाची भीती घातली. त्यात काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो शेजारी उभा राहून द्रोण वाटत होता. त्यानं मला गप्प केलं नाही. आता ह्याला जबरदस्ती म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला नाही ठरवता येत."

इराबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर जाऊन फोनवर बोलल्या. परत येऊन म्हणाल्या की सही कशी झाली त्यावर वाद घालायची वेळ येणार नाही. ठराव स्पष्ट आहे. सभासदांचा करार संघाच्या शिक्क्याशिवाय झालेला आहे, तो वाहिनी धरणार नाही. तिघांच्या भूमिका आधीसारख्या चालू राहतील.

म्हणजे मी बोलले त्याचा उपयोग झाला का नाही? हे मी नीळकंठरावांना नंतर विचारलं. ते म्हणाले, झाला असेल. ठराव असतो, पण तो काढून टेबलावर ठेवायला निमित्त लागतं.

वन्सं मात्र उठल्या नाहीत. "आन् सारजाचं?"

इराबाईंनी यादी बघितली. "त्या सभासद नाहीत."

"पन कागद एकाच चौरंगावरचं हुतं. हळद एकाच वाटीतली."

"ताई, सभासदांसाठी आमचा संघाशी ठराव आहे. इतरांसाठी आमचा कुणाशीच नाही. त्यांनी सही केलेली आहे."

वन्संनी नीळकंठरावांकडे बघितलं. ते कागद पिशवीत भरत होते. हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्या वतीनं बोलायचा मला हितं अधिकार न्हाय, ताई. कार्ड असतं तर बोललो असतो."

जिना उतरताना सारजा माझ्या बरोबरीला आली. रागावलेली नव्हती, तेच अवघड गेलं. "वैनी, मला बी पेन तुमीच दिलं की वो," ती म्हणाली. "आन् कार्ड कशाला म्हनून बी तुमीच म्हनाला हुता."

येताना गाडीत वन्सं पुढं बसल्या होत्या आणि आम्ही दोघी मागं. भवानीनगर मागं पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "सारजे, पेरूला पिशव्या उद्या कोनाच्या बागेत?" सारजा म्हणाली, "तुमच्याच."

सोमवारी सकाळी सहाच्या गाडीनं वन्सं गेल्या. हिरवं इरकल त्यांना परत मिळालं. इंदिराबाईंना दुसरं काहीतरी काम दिलं, त्या वन्संना अजून नमस्कार करतात म्हणे. विराजही तसाच गोड आहे. मालिकेत पुढं आत्याला मारून टाकलं तर संघाला काही म्हणता येईल का, असं मी नीळकंठरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, गोष्टीत कुणी जगायचं ते लिहिणारा ठरवतो, पण मारायच्या आधी सांगावं लागेल. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता का? पण सारजाचं काम काढताना तिला तेवढं सुद्धा कुणी सांगितलं नाही, हेही आहेच. मी दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहून ठेवल्या आहेत. एकीवर फुली मारता येईल असं वाटलं होतं, अजून मारता आलेली नाही.

मंगळवारी वन्संनी जाताना संघाचा एक कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. "सारजाला दे. माझ्याकडनं नको, तुझ्याकडनं दे."

मी पूजा आटोपून बागेत गेले. सारजा तिसऱ्या ओळीत पिशव्या घालत होती. मी फॉर्म पुढं धरला, पेनही काढलं. तिनं पेनाकडं बघितलं आणि हात पाठीमागं नेले.

"वाचा," ती म्हणाली.

"सगळा?"

"मला दोन वाक्यं येत्यात पाठ, तीबी कुंपनावरची. तुमी वाचा."

मी झाडाखाली बसून वाचायला लागले. नाव, गाव, वय, कामाचा प्रकार. सारजा पिशवी घालायची, थांबायची, आणि म्हणायची, परत वाचा. कामाचा प्रकार म्हंजी काय लिवायचं, शेजारीन का? सूचक म्हणजे कोण, अनुमोदक म्हणजे कोण? सूचक तुमी व्हनार का तुमच्या वन्सं? मला जेवढं येत होतं तेवढं सांगत गेले. आठव्या ओळीवर आले : मी संघाच्या घटनेस बांधील राहीन.

"घटना म्हंजी?"

"घटना म्हणजे नियम. देशाची असते ना, तशी."

"संघाची येगळी हाय?"

"असणार."

"त्यात काय लिवलंय?"

"मला माहीत नाही, सारजा."

"मंग बांधील ऱ्हाईन कसं म्हनू? इचारून या. तंवर मी ही ओळ संपवते."

बागेत फोनला रेंज नसते. मी कालव्याच्या भरावावर चढून नीळकंठरावांना फोन लावला. ते कुठंतरी फौजदार होऊन उभे असावेत, कारण मागून कुणीतरी "साहेब, मी निर्दोष आहे" म्हणून ओरडत होतं. ते कुजबुजत म्हणाले, घटना फोनवर पाठवतो, छत्तीस पानं आहेत, पण सहसा कुणी वाचत नाही, सही घेऊन टाका.

घटना फोनवर येईपर्यंत मी भरावावरच थांबले, मग परत येऊन सारजाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सहसा कुणी वाचत नाही, हेही सांगितलं.

"छत्तीस व्हय?" तिनं पाटीतला एक पिकलेला पेरू काढला, विळ्यानं चार फोडी केल्या, कनवटीच्या पुडीतलं मीठ लावलं आणि दोन फोडी माझ्यापुढं ठेवल्या. मग माझ्यासाठी पोतं झटकून सावलीत पसरलं.

"बसा," ती म्हणाली. "पयल्यापासनं."